मांजरीशी दुपारचं बोलणं

आमच्या गल्लीत मराठी बोलणारं घर आमचं एकच. बाकीची सगळी रेशीम विणणाऱ्यांची. त्यांची घरातली भाषा वेगळी, आमची वेगळी, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की सगळ्यांची तमिळ. कुंभकोणमला यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

बाबा बाजारात पितळी भांड्यांच्या दुकानात तराजूवर असत. सकाळी जात, रात्री येत. दिवसभर गिऱ्हाइकांशी तमिळ बोलून दमलेले बाबा घरीही तमिळच बोलत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तिथे तमिळ आणि इंग्रजी. प्राणिशास्त्राची जाड पुस्तकं वाचनालयातून आणायची आणि परत करायच्या तारखेची काळजी करत वाचायची, यातच माझे दिवस जात. आई तंजावरहून लग्न होऊन आली होती. तिथे शेजारीपाजारी, देवळात, विहिरीवर तिच्या भाषेची माणसं होती. इथे तिची मराठी दिवसभर कोणाशी बोलायची, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आता पडतो, पण आता आई नाही.

ती मांजरीशी बोलायची.

मांजर आमची नव्हती. गल्लीत अशी दहा-बारा मांजरं होती, कोणाचीच नसलेली. ही राखाडी, पोटाला पांढरी. दुपारी भांडी घासून झाली की आई मागच्या दाराच्या पायरीवर बसे. ताकभात कालवून एका फुटक्या बशीत ठेवी आणि म्हणे, “आलीस का गे? बैस.” मांजर भिंतीवरून उतरे, खाई, आणि आईच्या पायाला पाठ टेकून अंग चाटत बसे. तिला नाव नव्हतं. आई तिला नुसतं ‘गे’ म्हणे.

मी आत खिडकीजवळ वही घेऊन बसलेली असे. कानावर पडे ते असं:

“काल रात्री वांगी करपली गे. कोणास सांगू नकोस. खाल्ली त्यांनी मुकाट्यानं, कळलंसुद्धा नाही.”

“तंजावरहून अक्काचं पत्र नाही. गुडघा दुखत असेल तिचा. गुडघ्यानं का पत्र लिहायचं असतं? पण तिचं तसंच.”

“पुन्हा पोट आलं का गे तुझं? लाज नाही. परवाचीच तर मोठी जाहली.”

मला हसू येई, आणि मग मी पुन्हा बेडकाच्या रक्ताभिसरणाकडे वळे. किती ऐकलं असेल मी त्या दोन-तीन वर्षांत, आणि लक्षात राहिलं ते इतकंच. पुढे नोकरीसाठी मी पुण्याकडे आले आणि इथली मराठी शिकले. शिक्षकांच्या खोलीत मी ‘जाहलं’ म्हटलं की सगळे प्रेमानेच हसत. मग मी ‘झालं’ म्हणू लागले. आईची मराठी माझ्या तोंडातून अशी थोडी थोडी गेली. दुपारच्या त्या बोलण्यातला एखादा शब्द आठवायला गेले तर कधी कधी शब्द येतो, पण सूर येत नाही.

माझ्याच एका चांगल्या कामामुळे ते बोलणं बंद पडलं, म्हणून हे लिहिते आहे.

गल्लीत सकाळी सकाळी ताणे, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, पसरले जात. एका लुगड्याच्या नाही, दोन-तीन लुगड्यांच्या लांबीचा रेशमी ताणा बांबूच्या घोड्यांवर गल्लीभर ताणायचा, तुटलेले धागे शोधून जोडायचे, पातळ खळ मारायची, आणि ऊन चढायच्या आत गुंडाळून आत न्यायचा. त्या वेळात आम्ही भिंतीला पाठ घासत ये-जा करत असू. खळीच्या वासाने उंदीर येत, उंदरांमुळे मांजरं हवीत, आणि मांजरं वाढली की ताण्याची धडगत नाही. या तिढ्यातून वाट एकच होती: पिल्लं जरा मोठी झाली की पोत्यात भरून नाचियारकोविलच्या बसने न्यायची आणि भातखाचरांपाशी सोडायची. हे दयेचं काम समजलं जाई. एकदा आई आणि मी दोन पिल्लं घेऊन गेलो होतो. कंडक्टरने विचारलं, “पोत्यात काय?” आईला खोटं बोलायची सवय नव्हती. ती म्हणाली, “आंबे.” तेवढ्यात पोतं ओरडलं. कंडक्टर म्हणाला, “अम्मा, कच्चे दिसतायत.” सगळी बस हसली. परतताना आई पूर्ण वाट खिडकीबाहेर पाहत होती. बस वळली तेव्हा दोन्ही पिल्लं बांधावर तशीच बसलेली दिसत होती.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी समोरच्या घरचा ताणा गल्लीत लागला होता. समोरच्या घरात एक म्हातारे विणकर होते. त्यांना आम्ही मुलं तात्ता म्हणत असू, आजोबा. लग्नाच्या लुगड्याचा ताणा, कुंकवाच्या रंगाचा. राखाडी मांजरीची तीन पिल्लं भिंतीवरून खाली उतरली. एकाने लोंबता धागा पंजाने मारला, दुसऱ्याने वर उडी घेतली, आणि माणसं धावेपर्यंत तिघंही त्या ताण्यात अडकून नखं ओढत होती. तात्ता त्या दिवशी दुपारपर्यंत उन्हात बसून धागे जोडत होते. ते वाईट माणूस नव्हते. संध्याकाळी ते आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, “अम्मा, तुम्ही त्या मांजरीला खायला घालता, मला माहीत आहे. मी कधी बोललो नाही. पण आता सगळी पोत्यात घालून अरसलार नदीत. माझ्या हातून होणार नाही, एका माणसाला सांगतो. येत्या अमावास्येला.”

त्या रात्री आई जेवली, भांडी घासली, सगळं केलं. झोपताना मला म्हणाली, “तू कॉलेजात मांजरंच शिकतेस ना?”

मी म्हटलं, “बेडूक, आई.”

“मग काय उपयोग?” ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

मला ते लागलं. बाजारामागे सरकारी जनावरांचा दवाखाना होता. तिथे गायी-बैलांची रांग असे. मी दोन दिवस कॉलेज सुटल्यावर जाऊन त्या रांगेच्या शेवटी उभी राहिले आणि माझी पाळी यायच्या आत निघून आले. काय विचारायचं ते मी मनात इंग्रजीत तयार केलं होतं आणि ते तोंडातून निघत नव्हतं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरच बाहेर आले. निवृत्तीला आलेले, शर्टाच्या बाहीला शेणाचे डाग. लहान मुलीला म्हणतात तसं ते मला पाप्पा म्हणाले.

“तीन दिवस बघतोय, पाप्पा. गाय कुठाय तुझी?”

“गाय नाही, सार. मांजर.”

“मग मांजर कुठाय?”

“एक नाही, सार. अकरा.”

त्यांनी मला आत बसवलं. मी सगळं सांगितलं, ताण्यासकट. ते म्हणाले, अकराही मांजरं नदीत टाकलीत तर सहा महिन्यांत बाजारातली दुसरी अकरा येतील, कारण उंदीर आहेत आणि जागा मोकळी आहे. त्यापेक्षा हीच ठेवा. पिल्लं होऊ देऊ नका. माद्यांचं आणि बोक्यांचंही ऑपरेशन होतं, दुखत नाही, भूल देतात, पाच-सहा दिवस सांभाळायचं आणि जिथून धरली तिथेच सोडायची. बुधवारी दुपारी दवाखान्यात गर्दी नसते, तेव्हा आण.

“पहिली कुठली आणशील?” त्यांनी विचारलं.

“जी जवळ येते ती, सार,” मी म्हटलं. तोंडी परीक्षेत पटकन उत्तर आलं की वाटतं तसं मला बरं वाटलं. बाकीच्या एकीलाही कोणी हात लावू शकत नव्हतं. शिवाय तिचीच पिल्लं ताण्यात शिरली होती. तिचं ऑपरेशन झालेलं तात्तांनी पाहिलं तर ते थांबतील, असा माझा हिशेब होता. तो बरोबरही होता.

आईला सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसली होती आणि मांजर तिच्या पायाशी होती. माझी चाहूल लागताच मांजर भिंतीवर गेली.

“धरायची कशी तिला?” आई म्हणाली.

“कोंबड्यांचं डालगं आणते. पंजारम. काठीवर तिरकं उभं करायचं, खाली बशी ठेवायची. ती आत आली की मी दोरी ओढीन.”

“येईल ती?”

“तू हाक मार.”

आई माझ्याकडे पाहत राहिली. “मी?”

“माझ्या हाकेला ती येत नाही.”

“आणि नाही धरली तर?”

“तर अमावास्या, आई.”

बराच वेळ ती नखाने पायरीवरचा वाळलेला भात खरवडत होती. मग म्हणाली, “दुखेल का गे?”

ते ‘गे’ मला होतं. मी म्हटलं, नाही, डॉक्टर म्हणाले भूल देतात. तिला तेवढंच विचारायचं होतं की आणखी काही, हे मी थांबून ऐकायला हवं होतं. मी दोरी आणायला गेले.

बुधवारी आईने ताकभातात थोडं दूध जास्त घातलं. डालगं काठीवर उभं केलं, मी दाराआड दोरी धरून बसले. आई नेहमीच्या जागी बसली. तिला वेगळी हाक मारता आली असती. पण तिच्याजवळ दुसरी हाक नव्हती. ती म्हणाली, “आलीस का गे? बैस.”

मांजर उतरली. डालग्याला एक चक्कर मारली, आईकडे पाहिलं. आई पुन्हा म्हणाली, “बैस गे, काही नाही.” मांजर आत गेली. मी दोरी ओढली.

जो आवाज तिने काढला तो मी विसरलेले नाही. ती बांबूच्या पट्ट्यांवर आपटत होती आणि मी डालग्यावर पोतं टाकून त्यावर बसले होते. आई उभी राहिली होती. “सोड तिला,” ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. मी सोडलं नाही. मला वाटलं मी धीराने वागते आहे.

ऑपरेशन नीट झालं. मी बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरांनी तिच्या डाव्या कानाचं टोक थोडं कातरलं, पुन्हा धरली गेली तर तिचं पोट परत उघडायला नको म्हणून. सायकलरिक्षाने मी तिला आणलं आणि मागच्या अंगणातल्या लाकडांच्या खोपटात डालग्याखाली ठेवलं. पाच दिवस आई तिच्याजवळ बसून बोलत होती. खूप बोलत होती, आधी कधी बोलली नसेल इतकं. मांजर डालग्याच्या पार मागच्या बाजूला अंग चेपून बसे आणि आईचा आवाज आला की कान पाठीमागे टाकी. आई उठून गेली की मग खाई. मला वाटलं, टाके दुखत असतील.

सहाव्या दिवशी डालगं उचललं. ती भिंत ओलांडून गेली ती मागे न वळता.

गल्लीत मात्र भलतंच झालं. तात्तांच्या सुनेने तिला छपरावर पाहिलं आणि ती आईकडे धावत आली. “अम्मा, त्या मांजरीचा कान कापलाय. कुठल्या देवाला सोडलीत?” आमच्याकडे देवाला सोडलेल्या बैलांना खूण केलेली असते. ते बाजारभर फिरतात, भाजीत तोंड घालतात, कोणी काठी उगारत नाही. तिला वाटलं, आईने मांजरीच्या जिवासाठी नवस केला. आई काही बोलली नाही. ती त्या दिवसांत कोणाशीच फारसं बोलत नव्हती. सुनेने त्याचा अर्थ होकार असा घेतला, आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत झालं की साक्कोट्टैच्या शिवाला मांजर सोडली आहे.

मला हे सहन होईना. विज्ञान शिकणाऱ्या मुलीने असं चालू द्यायचं का? मी धीर करून तात्तांकडे गेले आणि भूल, टाके, कान, सगळं सांगितलं. ते चरकीवर रेशीम गुंडाळत होते.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “दवाखान्याकडून आलेल्या रिक्षातून तुला उतरताना पाहिलं मी. देव काय रिक्षाने येतो?”

“मग तुम्ही त्यांना सांगा ना, तात्ता.”

“डॉक्टरचं ऐकून इथे कोणी काठी खाली ठेवणार नाही, पाप्पा. देवाचं ऐकून ठेवलीय, राहू दे. अमावास्येला माणूस यायचा होता, त्याला मी नको सांगितलं. बाकीच्यांना कधी नेतेस?”

वर्षभरात आम्ही आणखी आठ नेल्या. तात्ता स्वतः डालगं धरत, त्यांची सून माशाचं डोकं आणून देई. दोन कुठे गेल्या कळलं नाही. पुढच्या वर्षी गल्लीत एकही पिल्लू झालं नाही. ताणे सुखरूप राहिले, उंदीर आटोक्यात राहिले, आणि कान कातरलेली मांजरं छपरांवर निवांत लोळत. येणाऱ्या-जाणाऱ्याला लोक मला दाखवत, ही कॉलेजात जाते म्हणून. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

राखाडी मांजर मात्र आईच्या हाकेला आली नाही.

ती दिसे. समोरच्या छपरावर, आमच्या भिंतीवर. आई पायरीवर येऊन “आलीस का गे?” म्हणे आणि ती उठून निघून जाई. दुसऱ्यांच्या आवाजाला ती तितकी घाबरत नसे. आईचाच आवाज. खायला जावं त्याच वेळी डालगं पडतं, आणि त्याच्या आधी तो आवाज असतो, एवढं तिने पक्कं शिकून घेतलं होतं. मी पुस्तकात असं वाचलं होतं, आकृतीसकट. आईला मी ते समजावून सांगायला गेले. ती म्हणाली, “ते कळतं मज.”

काही आठवड्यांनी आईने आपलं आपण शोधून काढलं. न बोलता बशी ठेवायची, दार लावून घ्यायचं, आणि आत बसायचं. मग मांजर येई. बशी जमिनीवर सरकल्याचा आवाज येई, मग चाटण्याचा. आई दाराआड बसून तेवढं ऐके. आणि तो वेळ घरात कोणी बोलायचं नाही.

त्या वर्षी माझा अभ्यास चांगला झाला. दुपारी घर अगदी शांत असे. कशामुळे शांत आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मग एकदा पुस्तक मिटून मी आईजवळ जाऊन बसले. म्हटलं, “आई, मला सांग ना काहीतरी.”

“काय सांगू?”

“काहीही. आज काय केलंस.”

“तू जेवलीस की ते.” थोड्या वेळाने म्हणाली, “जा, तुझा अभ्यास आहे.”

तिचं खरं होतं. ज्याला उत्तर द्यायचं नसतं त्याला जे सांगता येतं, ते मला सांगण्यासारखं नव्हतं. मी तशी ऐकणारी कधी झालेच नव्हते.

मी नोकरीला लागले. आईला लिहिता येत नसे. पत्र तात्तांची सून लिहून देई, तमिळमध्ये, आणि आईच्या मनात मराठीत काय असेल ते मी त्या तमिळमागे शोधत बसे. शेवटची ओळ ठरलेली असे: मांजर बरी आहे, जेवते. बाबा गेले त्यानंतरच्या पत्रातही ती ओळ होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका उन्हाळ्यात मी आईला माझ्याकडे न्यायला आले. तिकिटं काढली होती. येतेस का म्हणून विचारायचं नाही, चलच म्हणायचं, असं ठरवून आले होते. चार दिवस मी ते आज बोलू, उद्या बोलू करत राहिले. शेवटच्या दिवशी सकाळी बोलले. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, “ती आहे तोवर नको.”

“ती तर तुझ्याजवळ येतही नाही, आई.”

“खाते की.”

दुपारी आईने भात दुधात अगदी मऊ कालवला, मांजरीचे दात गेले होते. बशी पायरीवर ठेवली, दार लावलं, बोटभर फट ठेवली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मला पुष्कळ बोलायचं होतं. तुझ्याशिवाय मला तिथे कोणी नाही, तिथे मी मराठी बोलते पण ती तुझी नव्हे, दोरी मी ओढली, मला माफ कर. संध्याकाळी माझी गाडी होती. मी तोंड उघडलं तशी आईने ओठांवर बोट ठेवलं.

बाहेर ती आली. आता तिला भिंतीवरून उतरायला वेळ लागे. फटीतून तिची पाठ दिसली, हाडं वर आलेली, आणि तो अर्धा कान. ती हळू हळू खात होती. मी आईकडे वळून पाहिलं. आई फटीकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज अजिबात नव्हता, श्वासाचाही नाही. पण ती बोलत होती, भराभर, मध्ये थांबत, भुवया उंचावत, एकदा तर हसलीसुद्धा. मी तिच्या ओठांवरून शब्द लावायचा प्रयत्न केला. एक ‘अक्का’ असावा. बाकी काही मला लागलं नाही. मी आणखी जवळ सरकले, माझा खांदा तिच्या खांद्याला लागला. बाहेर बशी दगडावर सरकल्याचा आवाज थांबला, आणि आईने, ओठ तसेच हलते ठेवून, माझ्या गुडघ्यावर हात दाबला, इतक्यात उठू नकोस म्हणून.